बेटावरचा वाटाड्या

म्हैसूर शहरातील चामराजपुरम या जुन्या वस्तीत मी गेली अनेक वर्षे राहतो. महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले, की त्यांना राजवाडा, चामुंडी टेकडी आणि श्रीरंगपट्टण दाखवायचे, हा आमच्या घरचा रिवाजच होऊन गेला आहे. त्यांपैकी पहिली दोन ठिकाणे मी स्वतः दाखवतो. श्रीरंगपट्टणला मात्र वाटाड्या लागतो. ते गाव नुसत्या डोळ्यांनी पाहून कळत नाही.

म्हैसूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर कावेरीचे दोन फाटे होतात आणि थोडे अंतर जाऊन ते पुन्हा एकमेकांना मिळतात. या दोन प्रवाहांच्या मध्ये जे बेट तयार झाले आहे, त्यावर श्रीरंगपट्टण वसले आहे. बेटाची लांबी सुमारे ५ किलोमीटर. रुंदी त्याहून पुष्कळच कमी. पण या एवढ्याशा भूमीवर इतिहासाचे थरांवर थर साचले आहेत. गंग राजवटीत, नवव्या शतकात उभारलेले श्रीरंगनाथाचे मंदिर येथे आहे. विजयनगरच्या प्रतिनिधीचे ठाणे येथेच होते. १६१० साली राजा वोडेयर यांनी ते घेतले आणि आपली राजधानी केली. पुढे हैदरअली आणि टिपू सुलतान यांनी येथूनच राज्य केले. १७९९ साली टिपू पडला आणि इंग्रजांची छावणी बेटावर आली; पण बेटावरील हवा त्यांना मानवली नाही, म्हणून १८०९ साली त्यांनी ती बंगळूरला हलवली. तेव्हापासून हे गाव शांत आहे. बोलतात ते फक्त वाटाडे.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, तासगावचे माझे मामा आमच्याकडे आले. मामा इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. तासगाव म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धनांचे गाव. भाऊंनी बांधलेले तेथील गणपतीचे मंदिर आणि त्याचे सात मजली गोपुर मामांच्या अभिमानाचा विषय. दक्षिणेत असतात तसे उंच गोपुर सांगली जिल्ह्यातल्या एका गावी कसे आले, याची कथा ते आल्यागेल्याला सांगत. ज्या मोहिमांनी भाऊंना दक्षिण दाखवली, त्यांतली मोठी मोहीम या बेटाच्या रोखाने निघाली होती. साहजिकच मामांना राजवाड्यापेक्षा श्रीरंगपट्टणची ओढ अधिक होती.

सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. श्रीरंगपट्टणचे रेल्वेस्थानक किल्ल्याच्या तटबंदीच्या आतच आहे. बाहेर पडताच पाच-सहा वाटाडे पुढे आले. मोठ्या सहलींबरोबर हिंडणारे वाटाडे वेगळे. त्यांच्यामागे चाळीस-पन्नास माणसे असतात आणि त्यांना घाईघाईने दहा ठिकाणे उरकावी लागतात. आम्हाला केवळ आम्हा दोघांबरोबर फिरणारा माणूस हवा होता. साठीच्या घरातल्या एका गृहस्थाशी अर्ध्या दिवसाचा मोबदला ठरला. गळ्यात ओळखपत्र, काखेत छत्री आणि बोलण्यात कानडी वळणाची हिंदी. ते बेटाच्या पूर्वेकडील गंजाम या वस्तीत राहणारे होते. तीस वर्षे त्यांनी हाच व्यवसाय केला होता.

“आपण कुठून आलात?” त्यांनी प्रथम विचारले.

“महाराष्ट्रातून,” मामा म्हणाले.

“मग मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासूनच सुरुवात करू या,” असे म्हणून ते चालू लागले.

प्रथम त्यांनी टिपूचे एक शस्त्रागार दाखवले. लोहमार्गाचे दुहेरीकरण करताना ते आड येत होते. ते पाडण्याऐवजी २०१७ साली सुमारे हजार टन वजनाची ती संपूर्ण वास्तू उचलून शंभराहून अधिक मीटर बाजूला नेऊन ठेवली गेली. मामा त्या भिंतींभोवती एक फेरी मारून आले. मग मंदिर झाले, तळघरासारखी अंधारी कैद झाली, आणि टिपूचे शव जेथे सापडले, ती तटालगतची जागा झाली. ४ मे १७९९ या दिवशी इंग्रज फौज तटाला पडलेल्या खिंडारातून आत शिरली आणि लढता लढता सुलतान तेथे पडला.

प्रत्येक ठिकाणी वाटाड्या मराठ्यांचा धागा गुंफीत होता. १७७१ साली त्र्यंबकराव पेठे यांनी मेलकोटेजवळ हैदरचा पराभव करून श्रीरंगपट्टणला वेढा कसा घातला, हे त्याने सांगितले. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज या परिसरात उपासमारीने हैराण झाली. आपल्या जड तोफा निकामी करून ती माघारी फिरली, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या सैन्याबरोबर आलेल्या बाजारातून तिला धान्य मिळाले. पुढच्या वर्षी, १७९२ च्या मार्च महिन्यात, टिपूला तह करावा लागला. अर्धे राज्य आणि ३ कोटी ३० लक्ष रुपये देण्याचे त्याने कबूल केले आणि दोन मुलगे ओलीस ठेवले. त्या तहात इंग्रज व निजाम यांच्याबरोबर मराठेही वाटेकरी होते. हे ऐकताना मामांचा चेहरा फुलून आला होता. “माणूस जाणकार आहे,” ते माझ्या कानाशी लागून म्हणाले.

रिक्षाने आम्ही दर्या दौलत बागेत गेलो. १७८४ साली बांधलेला हा सागवानी महाल टिपूचे उन्हाळ्यातील निवासस्थान होते. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भव्य चित्र आहे. पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली, भोवती त्याच्या शिपायांचा चौकोन आणि पेट घेतलेला दारूगोळा. आमचा वाटाड्या सांगण्याच्या तयारीत होता, इतक्यात शेजारी दुसऱ्या सहलीचा वाटाड्या मोठ्याने बोलू लागला. त्याचा टिपू म्हणजे केवळ शूर, न्यायी आणि देशासाठी प्राण देणारा राजा होता. थोड्या वेळाने तिसरी सहल आली. तिच्या वाटाड्याच्या बोलण्यातला टिपू केवळ क्रूर होता. भिंत तीच, चित्र तेच. माणसे मात्र दोन वेगवेगळ्या राजांना भेटून परत गेली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आमच्या वाटाड्याला विचारले, “अहो, आम्हाला सांगितलेत तेच तुम्ही सगळ्यांना सांगता का?”

त्याने लपवाछपवी केली नाही. “नाही, सर. माझ्याजवळ दोन टिपू आहेत. समोरचा माणूस पाहून मी त्यातला एक काढतो. तुम्ही मराठी आहात, म्हणून मराठ्यांचा विजय काढला. खोटे मी काही सांगत नाही. पण अर्धे सांगतो.”

“का बरे?”

“पूर्ण सांगितले की लोक नाराज होतात. एकदा एक कुटुंब अर्ध्या वाटेतूनच निघून गेले. पैसेही दिले नाहीत. पावसाळ्यात येथे कोणी फिरकत नाही, सर. घर तर बारा महिने चालवावे लागते.”

मामांमधला शिक्षक जागा झाला. “मी चौतीस वर्षे इतिहास शिकवला आहे. मला पूर्ण सांगा. पैशांची काळजी करू नका.”

“ऐकवेल का?” त्याने विचारले. मामा हसले.

गुंबजाच्या पायऱ्यांवर, झाडांच्या सावलीत आम्ही बसलो. आत हैदरअली, त्याची पत्नी आणि टिपू यांच्या कबरी आहेत. एकेकाळी या भागात लालबाग नावाची सुलतानाची बाग होती. १७९२ च्या वेढ्यात इंग्रजांनी मोर्चे बांधण्यासाठी तिची झाडे तोडली. वाटाड्याने येथून सुरुवात केली आणि मग तो सलग बोलत राहिला. टिपूने कोडगूतील हजारो माणसे कैद करून या बेटावर आणली, हे त्याने सांगितले. मेलकोटेचे मंड्यम अय्यंगार दिवाळी साजरी करीत नाहीत. आपले पूर्वज टिपूने नरकचतुर्दशीच्या दिवशी मारले, अशी त्यांची परंपरा आहे, हेही सांगितले. त्याच टिपूच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर श्रीरंगनाथाची पूजा अखंड चालू होती आणि त्याने मंदिराला दिलेल्या वस्तू आजही आहेत, हे सांगितले. मामा मान डोलावीत होते.

“आणि शृंगेरी,” वाटाड्या म्हणाला आणि क्षणभर थांबला.

“बोला,” मामा म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता.

“१७९१ साली मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली. शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. शंकराचार्यांना मठ सोडून जावे लागले. त्यांनी टिपूला कळवले. टिपूने मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी पैसा आणि धान्य पाठवले. त्याने स्वामींना पाठवलेली पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांना मठात सापडली. ती छापली गेली आहेत, सर.”

“ते पेंढारी होते,” मामा तडकून म्हणाले. “लुटीवर जगणारे लोक. त्यांना कोणाचा हुकूम नव्हता.”

“खरे आहे, सर. पण ते कोणाबरोबर आले होते?”

मामांनी उत्तर दिले नाही. मला त्या माणसाचा राग आला. पंच्याहत्तरी ओलांडलेला वृद्ध इतक्या दुरून आनंदाने आलेला. त्याच्या पदरात हे टाकण्याची काय गरज होती? मी घड्याळ पाहिले आणि पुढे निघण्याची घाई केली. वास्तविक मलाही ही हकीकत माहीत होती. म्हैसुरात राहून ती कानावर न येणे अशक्यच. आजवर कोणाही पाहुण्याला मी ती सांगितली नव्हती. वाटाड्या निदान पोटासाठी अर्धे सांगत होता. मी तर केवळ आपल्या सोयीसाठी.

बेटाच्या पूर्व टोकाला, जेथे कावेरीचे दोन्ही प्रवाह पुन्हा एक होतात, त्या संगमावर आमची फेरी संपली. मामा पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसले. वाटाड्या दूर, छत्री उघडून उभा होता. आपला मोबदला आज बुडाला, असे त्याला वाटत असावे. बऱ्याच वेळाने मामा वर आले. त्यांनी पाकिटातून ठरलेली रक्कम काढली, तीत आणखी काही नोटा घातल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.

“एक विनंती आहे,” ते म्हणाले. “यापुढे महाराष्ट्रातून माणसे आली, तर त्यांनाही हे सांगा.”

“ती निघून गेली तर, सर?”

मामांनी थोडा विचार केला. “एखादे तरी थांबेल,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर पाहत होते. पटरीच्या दोन्ही बाजूंना उसाची आणि भाताची शेते मागे पळत होती. अचानक ते म्हणाले, “अरे, मला हे माहीत होते. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे छापली आहेत. शृंगेरीची हकीकत त्यांत आहे. आपल्याच माणसांनी लिहून ठेवलेली आहे ती. मी ती वाचलीही होती. पण शिकवताना ते पान मी दरवेळी उलटून पुढे जात असे. मुलांना काय वाटेल, असे मनाशी म्हणायचो. खरे म्हणजे मलाच ते सोसवत नव्हते.” मग चामराजपुरमच्या घरी पोचेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

पुढच्या भाद्रपदात मी तासगावला गेलो. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तेथे गणपतीचा रथ निघतो. हजारो हात दोर ओढतात आणि रथ काशीविश्वेश्वराच्या मंदिराकडे जातो. गर्दी ओसरल्यावर मामा काही पाहुण्यांना गोपुर दाखवत होते. परशुरामभाऊंची दक्षिणेची मोहीम, त्यांनी पाहिलेली मंदिरे, हे उंच गोपुर. सारे नेहमीसारखेच चालले होते. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो.

“आणि त्याच मोहिमेत,” मामा म्हणाले, “शृंगेरीलाही काही घडले. तेही सांगतो. जरा बसा.”

पाहुण्यांपैकी दोघे-तिघे उठून प्रसादाच्या रांगेकडे गेले. एक तरुण मात्र पायरीवर बसून राहिला. मामांनी चष्मा पुसला आणि ते सांगू लागले.