माळ्यावर टाक!

तुमच्या घरात शिडी आहे? घडीची नाही हो, चांगली भिंतीला टेकवून ठेवायची लाकडी शिडी. हसू नका, प्रश्न एकदम सीरियस आहे. घोडबंदर रोडच्या ज्या कॉम्प्लेक्समध्ये मी भाड्याने राहते तिथे जिम आहे, स्विमिंग पूल आहे, क्लब हाऊसही आहे. माझ्या वन बीएचकेत मात्र शिडी ठेवायला जागा नाही. आणि तसंही, शिडी लावून चढायला माळा कुठाय? मोठ्या सुटकेसच्या पोटात छोटी, तिच्या पोटात स्वेटर आणि हे सगळं बेडच्या पोटात! इस्त्रीचं टेबल दारामागे, म्हणून दार अर्धंच उघडतं. आकाशकंदील गेली दोन वर्षं वॉशिंग मशीनवर बसून पुढच्या दिवाळीची वाट बघतोय.

ही शिडी आठवली ती वरळीला, काकूच्या नव्या घरी.

काका-काकू बीडीडी चाळीतले. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, पण नव्याने आलेल्यांसाठी : १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. त्यातल्या १२१ चाळी एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. एक खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर, कॉमन. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. त्या १६० फुटांत ते, आजी, बाबा, काका, दोन आत्या आणि गावाहून 'नोकरी लागेपर्यंत' आलेले कोणीतरी असे सगळे राहिले. नोकरी लागल्यावरही माणूस जात नसे, हा भाग वेगळा.

आता पुनर्विकासात त्या १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा टू बीएचके मिळतो. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये चाव्या मिळाल्या, त्यात आमचे काका. लोअर परळला उतरून टॅक्सी केली, लिफ्टने वर गेले. काय घर आहे! चकाचक टाइल्स, स्वतःचा संडास, खिडकीतून भन्नाट वारा. खाली अजून उभ्या असलेल्या जुन्या चाळी काड्यापेट्यांसारख्या दिसत होत्या. मी 'वॉव' म्हणेपर्यंत काकूने बेडरूमचं दार उघडलं. आत पलंगावर तांदळाची कोठी, पलंगाखाली पितळी हंडा-कळशी, कोपऱ्यात पाटा-वरवंटा, गणपतीचं मखर आणि बेडशीटखाली झाकलेलं शिलाई मशीन.

"अगं काकू, तिप्पट जागा मिळाली ना?"

"जागा मिळाली गं, भिंत कुठे मिळाली? मोज."

मोजल्या. खरंच, हॉलच्या एका भिंतीत बाहेरचं दार, एका बाजूला किचनची वाट, एकीकडे खिडकी आणि चौथ्या बाजूला आतल्या खोल्यांचे, बाथरूमचे दरवाजे. कपाट टेकवायचं कुठे? जुन्या खोलीला दार एक. दाराचा आणि खिडकीचा भाग सोडला तर बाकी सगळी भिंत आणि ती वर छतापर्यंत यांची! छत चांगलं उंच. म्हणून प्रत्येकाने पोटमाळा काढलेला. फळ्यांवर डबे, डब्यांवर पातेली, वर माळा आणि माळ्यावर रात्री झोपणारी पोरं. शिवाय पाण्याचं पिंप, चपला, सायकल हे सगळं पॅसेजमध्ये. म्हणजे कागदावर १६० फूट, पण वापर किती फुटांचा होता ते कुणीच मोजलं नाही. नव्या टॉवरमध्ये लिफ्टसमोर चपलांचं स्टँड ठेवलं तरी सोसायटीची नोटीस येईल, असं काका म्हणाला. आणि ते बरोबरही आहे, आग लागली तर वाट मोकळी हवी.

उगाच चाळीचे गोडवे गायचा माझा विचार नाही. पहाटे डबडं घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला विचारा, ती माळा देऊन संडास घेईल. काकूने घेतलाच आणि ती खूश आहे. पण आमच्या पिढीचं घर डिझाइन करणारा माणूस कधी गव्हाचं पोतं भरत नसावा, याबद्दल मला आता शंका नाही. 'रेरा'मुळे २०१७पासून निदान कार्पेट एरियाचा हिशेब सरळ झाला. कार्पेटवर सामान ठेवल्यावर माणसाने कुठे बसायचं, हे मात्र ज्याचं त्याने बघायचं.

चहा झाला आणि काकाने ट्रंकेचा विषय काढला. मला वाटलंच होतं.

आजोबांची ती काळी पत्र्याची ट्रंक कायम माळ्यावर असायची. २०२१मध्ये चाळ रिकामी करून तात्पुरत्या घरात जायचं ठरलं, तेव्हा काकूने मला फोन केला होता. "तू एकटीच आहेस, ठेवशील का दोन-तीन वर्षं?" मी तेव्हा वन आरकेमध्ये होते. म्हटलं, माझ्याकडे खरंच जागा नाही गं. खोटं नव्हतं ते. पण मी टेप घेऊन मोजलंही नव्हतं. काकूने ट्रंक उघडून वरवर बघितली. गोधड्या होत्या, आजोबांचे भजनाचे टाळ होते. टाळ काढून घेतले आणि ट्रंक भंगारवाल्याला दिली.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी आजोबांच्या नावाने अर्ज केलेला होता. १९८२च्या संपानंतर ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत, पण वारसांनाही हक्क आहे. २०२३मध्ये म्हाडाने अर्जदारांची पात्रता तपासायला गिरणीतल्या नोकरीचे पुरावे मागवले. हजेरी पास, तिकीट नंबर, फंडाचा नंबर, असं काहीही. तेव्हा काकाला आठवलं, आजोबा असले कागद ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवायचे.

म्हणजे घराचा कागद घरात जागा नाही म्हणून गेला.

काका अजून फंडाच्या नंबरासाठी फिरतोय. मला कुणी काही बोललं नाही. काका म्हणाला, "मीच बघायला हवं होतं, बापाची सवय मला ठाऊक होती." काकू म्हणाली, "गंजली होती गं, कोण ठेवणार?" उलट बोलले असते तर बरं झालं असतं. मी खिडकीपाशी जाऊन उगाचच जांबोरी मैदान कुठल्या बाजूला, वगैरे विचारत बसले.

निघताना काकूने किचनच्या ड्रॉवरमधून फडक्यात बांधलेले टाळ काढले. "हे तू ने. एवढे मावतील ना?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच लागलं. टाळ पर्समध्ये टाकले. ट्रेनच्या गर्दीत ते वाजायला लागले तेव्हा शेजारच्या बाईने मोबाइलची रिंगटोन समजून माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर बेड वर उचलला. गॅसचा दट्ट्या सुस्कारा सोडत उघडला. आत सुटकेस, त्यात सुटकेस. एका कोपऱ्यात टाळ सहज मावत होते. पण बेड परत बंद केला आणि वॉशिंग मशीनवरचा आकाशकंदील उचलून बेडच्या पोटात टाकला. त्याच्या जागी टाळ ठेवलेत. मशीन ड्रायरवर गेलं की वाजतात.