आत्यानं दिलेलं काम

आत्यानं माझे लाड केले नाहीत. तिच्याविषयी लिहायचं तर हे आधी सांगायला हवं, कारण तिचं माझ्यावरचं ऋण नेमकं याच गोष्टीचं आहे.

1994 साल होतं. नागपुरात आईला क्षय झाल्याचं निदान झालं आणि औषधं लागू पडेपर्यंत घरात लहान मूल नको, असं मोठ्यांनी ठरवलं. बाबा मला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जबलपूरला पोचवायला निघाले. बस सिवनीवरून जायची. त्या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागत असे. मालिका जपानी, बोलणं हिंदी आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. किपलिंगनं मोगलीला वाढवलं ते याच सिवनीच्या डोंगरांत, असं बाबांनी सांगितलं आणि मी खिडकीला नाक लावलं. आपल्यालाही आता दुसरंच कुणी वाढवणार, एवढं मला कळत होतं.

आत्याचं घर चेरीतालला होतं. जबलपूरला बावन्न ताल आणि चौऱ्याऐंशी तलैया होत्या, असं तिथं कुणीही सांगतं. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिच्या दिवाणाचा अधारताल आणि तिच्या दासीचा चेरीताल, अशी लोकांत चालत आलेली गोष्ट. मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, ताल कुठाय? आत्या म्हणाली, “अगं, तालातच उभी आहेस की.” खाली घरं, वर घरं, मध्ये नाली. राणीतालच्या जागी स्टेडियम. नावं मात्र सगळी शाबूत.

आतोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. भोंग्याबरोबर जायचे, भोंग्याबरोबर यायचे, आणि एरवी गोलबाजारातल्या दत्तमंदिरात दिसायचे. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं तिथं येत राहिली आणि 1956 पर्यंत तर नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात होतं, त्यामुळे आत्याला आपण परमुलखात राहतो असं कधी वाटलंच नसावं. ती आमच्याशी मराठी बोलायची, देवाशीही मराठी आणि गाईशी हिंदी.

गाईचं नाव चंद्री. सकाळी बरेदी, म्हणजे गुराखी, गल्लीतली गुरं हाकारून न्यायचा, त्यांत तीही जायची. मी पोचले तेव्हा तिनं जाणं सोडलं होतं. वैरण पुढ्यात तशीच. डावी कूस तट्ट फुगायची, तेल पाजलं की उतरायची, पुन्हा फुगायची. मी दुपारी आईची आठवण येऊन रडत बसले होते. आत्यानं डोळे पुसले नाहीत, गोष्ट सांगितली नाही. म्हणाली, “चंद्रीला बरं नाहीये. मला शाळेत शिकवायला जायचंय. तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. तू बस.”

बसून काय करायचं, तेही तिनं सांगितलं. रवंथ करते का बघायचं. करायला लागली, तर एक घास वर आल्यापासून गिळेपर्यंत किती वेळा चावते ते मोजायचं. चांगली गाय एका घासाला चाळीस-पन्नास-साठ वेळा चावते. चंद्री चावतच नव्हती. मी पाटीवर शून्य लिहून ठेवायची.

मग एके सकाळी ओळखीच्या माणसाचा टेम्पो आला आणि आम्ही तिला सिव्हिल लाइन्समधल्या व्हेटर्नरी कॉलेजात नेलं. कॉलेज 1948 सालचं, आजच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचं मूळ तिथं आहे. डॉक्टरांनी कुशीवर मूठ दाबली, दाबलेला खड्डा भरून यायला वेळ लागला, तसे ते म्हणाले, “पन्नी खा गई है.” पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी. गाय वेचून खात नाही. जिभेनं ओढते, जेमतेम चावून गिळते आणि नीट चावण्याचं काम मागाहून सवडीनं करते. शिळी पोळी पिशवीत घालून गाठ मारून कुणी टाकली, तर ती गाठ सोडणार कशी? पिशवीसकट पोटात. तिथं ती विरघळत नाही, पुढे सरकत नाही, एकीत एक गुंतून घट्ट गोळा होतो.

ऑपरेशन गाय उभी असतानाच करतात, हे मला तेव्हा खोटं वाटलं होतं. तिला खोड्यात उभं केलं, डावी कूस भादरली, बधिर करण्याच्या सुया दिल्या. डॉक्टर आत्याला म्हणाले, “बच्ची को सामने खड़ा कर दो, गाय घबराएगी नहीं.” मी तोंडाशी कासरा धरून उभी राहिले. चंद्रीच्या आडव्या अंगापलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेलाय, हे आत्यानं मागाहून सांगितलं. मला फक्त चंद्रीचे डोळे दिसत होते आणि घमेल्यात काहीतरी ओलं, जड पडल्याचे आवाज येत होते. नंतर पाहिलं तर पिशव्या, सुतळी, चपलेचा पट्टा, कापडाची चिंधी. घमेलं एक नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मला आजही ऑपरेशनपेक्षा मोठं वाटतं. एका निरोगी जनावराच्या पोटातलं रवंथाचं पाणी काढून चंद्रीच्या पोटात घातलं. गवत पचवतात ते पोटातले जिवाणू. उपासमारीनं ते मेले, तर पोट रिकामं करूनही गाय खात नाही. म्हणून एकीच्या पोटातलं विरजण दुसरीला द्यायचं.

घरी आल्यावर भूक लागावी म्हणून बत्तिसा चूर्ण गुळात मळून गोळा द्यायचा होता. मी चाटून पाहिला. गुळानं काही फरक पडत नव्हता, इतका तो कडूजहर होता. आत्यानं दाखवलं: तोंडाच्या बाजूनं हात घालायचा, तिथं दात नसतात. गोळा जिभेच्या मुळाशी ठेवायचा, हात काढायचा आणि दोन्ही जबडे गिळेपर्यंत मिटून धरायचे. डोकं फार वर करायचं नाही. जीभ ओढायची नाही. खोकली तर सोडून द्यायचं, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. “दया येऊ दे, पण हात ढिला सोडू नकोस,” ती म्हणाली. तिच्या शाळेतल्या मुलांचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

एका दुपारी चंद्रीच्या गळ्यातून एक गाठ वर सरकली आणि तिचा जबडा हलायला लागला. मी मोजत गेले. आकडा पाटीवर लिहिला आणि आईला पत्र लिहायला बसले. आईनं ती पत्रं पुढे जपून ठेवली. बरी झाल्यावर, मी कॉलेजात असताना, तिनं मला ती वाचायला दिली. आईची तब्येत कशी आहे, हे मी एकाही पत्रात विचारलेलं नाही. सगळी पत्रं रवंथाची. “तुझं ते वाचून मला वाटायचं, पोर तिथं रडत नाहीये,” आई म्हणाली.

2020 च्या टाळेबंदीत नेटफ्लिक्सवर लेकीबरोबर जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ पाहिला. चित्रपट 2001 चा. बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्कर दोन्ही मिळालेला. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी. आईबाप डुकरं होऊन बसलेत आणि ती देवांच्या हमामखान्यात एकटी अडकलीय. समीक्षक तिच्या धैर्याबद्दल लिहितात. मला दिसले ते भट्टी सांभाळणारा कामाजी आणि मोलकरीण लिन. दोघंही तिला कुरवाळत नाहीत. त्या जागेत काम नसलेल्या माणसाला थारा नाही, म्हणून ती काम मागते आणि ही माणसं तिला कामाला लागायला मदत करतात. तिचं रडणं पूर्ण थांबत नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

मग तो घाण देव येतो, चिखलानं बरबटलेला. त्याच्या कुशीत काहीतरी रुतलंय हे तिच्या हाताला लागतं. दोर बांधून सगळे ओढतात तर सायकल निघते आणि मागोमाग ढीगभर कचरा. तो देव म्हणजे नदी असते. मियाझाकी स्वतः एका नदीच्या सफाईला गेले होते आणि तिथं सायकल निघाली होती, असं त्यांनी सांगितलेलं आहे. मी लेकीला म्हटलं, हे मी पाहिलंय. तिनं अर्थातच विश्वास ठेवला नाही.

जाताना तो देव चिहिरोला कडू गोळा देतो. ती चावून पाहते, तोंड वेडंवाकडं करते आणि आईबाबांसाठी जपून ठेवते. पुढे हाकु हा पांढरा ड्रॅगन रक्तबंबाळ होऊन तडफडत असतो. ती जपलेला गोळा मोडते, त्याचा जबडा उघडते, हात आत घालते आणि तोंड मिटून धरते. लेकीनं विचारलं, “तोंड दाबून का धरते ती?” चित्रपटातल्या एवढ्या एका गोष्टीचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. हाकु बरा होतो आणि शेवटी कळतं की तोही नदीच: लहानपणी पाण्यात पडलेल्या चिहिरोला उथळ काठाला पोचवणारी, आणि नंतर बुजवून वर फ्लॅट बांधलेली. त्याला स्वतःचं नाव आठवत नसतं, ते ती आठवून देते. चेरीतालात राहिलेल्या माणसाला इथं थोडं हसू येतं. आमच्याकडे नाव कुणी विसरलं नाही आणि त्यानं तळ्याचं काही भलं झालं नाही.

चंद्री नंतर दोनदा व्याली. आत्या गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिचे आभार मानायचे राहून गेले असं मी म्हणणार नाही. आभार मानलेले तिला खपलेच नसते. चंद्री बरी झाल्यावर आत्यानं एकच केलं होतं. संध्याकाळी मला घेऊन गल्लीत दारोदार गेली आणि प्रत्येक बाईला त्या घमेल्यांत काय निघालं ते सांगून आली. काहींनी ऐकलं, काहींनी चहा पाजून वाटेला लावलं.

2012 साली ‘द प्लास्टिक काऊ’ हा माहितीपट आला आणि याच प्रश्नावर करुणा सोसायटी ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मध्य प्रदेशानं 2017 मध्ये पन्नीवर बंदी घातली, महाराष्ट्रानं त्यानंतरच्या वर्षी. पन्नी अजून मिळते. तेव्हा आत्याचं दारोदारचं सांगणं इथं पुन्हा सांगते: शिळंपाकं टाकायचं असेल तर पिशवीला गाठ मारून टाकू नका. पिशवी घरी ठेवा आणि अन्न उघडं द्या.