बॉल सोड ना रे!

सचिन आऊट झाला की टीव्ही बंद करणारी आपली पिढी. त्यामुळे एकाच्या जिवावर अख्खी टीम, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण क्रिकेटमध्ये एक बरं असतं. सचिनने शतक ठोकलं म्हणून द्रविडची बॅट कुणी काढून घेत नाही. बास्केटबॉलमध्ये बॉल एक, खेळाडू पाच आणि शॉट मारायला सेकंद फक्त २४. त्यातले १८ सेकंद एकच पठ्ठ्या टप टप ड्रिबल करत राहिला, तर बाकीच्या चौघांनी काय करायचं? कमरेवर हात ठेवून बघायचं?

ह्या प्रश्नावरून माझी आणि माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राची गेली पंधरा वर्षं जुंपते. एनबीएच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे नाहीतर सकाळी. म्हणजे डोळ्यांवर झोप, हातात चहा, नंतर ऑफिस गाठायची घाई आणि मध्ये अखंड भांडण. तो ॲलन आयव्हरसनचा भक्त. मी कोपऱ्यात उभं राहणाऱ्यांचा वकील. त्याला कारण आहे, पण ते पुढे.

आधी त्याची बाजू. २००० - ०१ चा सीझन, टीम फिलाडेल्फिया. आयव्हरसनची उंची जेमतेम सहा फूट. मॅचमागे २५ हून जास्त शॉट मारायचा, त्यातले ४२ टक्केच आत जायचे. पण सरासरी ३१.१ पॉइंट! टीमने ८२ पैकी ५६ मॅचेस जिंकल्या, तो एमव्हीपी झाला आणि फायनलच्या पहिल्याच मॅचला लॉस एंजेलिसमध्ये जाऊन त्याने ४८ पॉइंट ठोकले. त्या प्लेऑफमध्ये लेकर्स तोवर एकही मॅच हरले नव्हते. ओव्हरटाइममध्ये हरले, १०७ - १०१. इथे आमचे मित्रवर्य कॉलर ताठ करतात.

‘सांग, त्याच्याशिवाय हुकमी स्कोअर करणारं कोण होतं त्या टीममध्ये?’

‘कुणीच नाही. तोच तर मुद्दा आहे.’

कोच लॅरी ब्राऊनने ती टीम बांधलीच तशी होती. एरिक स्नो, ॲरन मॅकी, जॉर्ज लिंच, टायरोन हिल आणि सीझनच्या मध्यावर आणलेला डिकेम्बे मुटोंबो. सगळे डिफेन्सला चिवट, रिबाउंडसाठी जिवाचं रान करणारे. आयव्हरसनचा शॉट हुकला की बॉल परत मिळवायला माणसं हजर. त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेंडर मुटोंबो, सर्वोत्तम सहावा खेळाडू मॅकी, सर्वोत्तम कोच ब्राऊन. सगळी बक्षिसं एकाच घरात! लांबून तो एकखांबी तंबू दिसायचा खरा, पण त्याच्या खुंट्या कुणीतरी पक्क्या ठोकल्या होत्या. आणि एवढं करूनही पुढच्या चारही मॅचेस हरून ते घरी गेले.

माझी बाजू म्हणजे नोव्हेंबर २००८. आयव्हरसन तेव्हा डेन्व्हरमध्ये होता. डेन्व्हरने त्याला डेट्रॉइटला दिलं आणि तिथून चाँसी बिलप्सला आणलं. बिलप्स शांत गडी, दुसऱ्यांना खेळवणारा. आदल्या वर्षी ५० मॅचेस जिंकून पहिल्याच फेरीत ४ - ० ने आपटलेलं डेन्व्हर थेट कॉन्फरन्स फायनलला पोचलं. उलट आदल्या वर्षी ५९ मॅचेस जिंकणारं डेट्रॉइट ३९ वर घसरलं.

‘अरे, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. अंगावर दुखणी होती,’ मित्र कळवळून सांगतो. मान्य. पण बॉल हातात नसताना काय करायचं, ही सवय तेहतिसाव्या वर्षी कशी लागणार?

ह्या भांडणाला आता आकडासुद्धा मिळालाय. ‘यूसेज रेट’. खेळाडू कोर्टवर असताना टीमच्या किती टक्के चाली त्याच्या हातून संपतात, त्याचा हिशोब. शॉट मारून, फ्री थ्रो मिळवून किंवा बॉल घालवून. पाच जणांत सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के. २०१६ - १७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकचा आकडा होता ४१.७. म्हणजे दोन माणसांचा वाटा एकटा खात होता! सरासरी ३१.६ पॉइंट, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. अर्थातच एमव्हीपी. टीमने ४७ मॅचेस जिंकल्या आणि पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून ४ - १ ने हरली. त्यातल्या दुसऱ्या मॅचला पठ्ठ्याने ५१ पॉइंट केले, पण त्यासाठी ४३ शॉट मारले. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर १८ पैकी फक्त ४ आत!

मित्र म्हणतो, तो बेंचवर बसला की आघाडी वितळायची, हे तुला दिसत नाही का? दिसतं ना. पण तो बसल्यावर बाकीचे कोलमडतात, ह्याचे अर्थ दोन. एक, त्याच्याशिवाय टीमचं चालत नाही. दुसरा, त्याच्याशिवाय चालायची सवय टीमला कुणी लावलेलीच नाही.

आता ते कारण. आमच्या कॉलेज टीमचा आयव्हरसन म्हणजे हाच. आणि मी उजव्या कोपऱ्यातला. मी कायम मोकळा असायचो, कारण बॉल तिकडे जाणार नाही हे समोरच्या टीमलाही ठाऊक होतं. त्याच्या जोरावर आम्ही इंटर-कॉलेजच्या सेमीफायनलला पोचलो, हे मी शपथेवर सांगेन. तो नसता तर पहिल्याच फेरीत बॅगा भरल्या असत्या. सेमीफायनलला तीन मिनिटं उरली असताना आम्ही चार पॉइंटनी पुढे होतो आणि त्याचा पाचवा फाऊल झाला. तो बाहेर, बेंचवरचा एक ज्युनिअर आत. आणि आम्ही पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, बॉल पुढे नेणार कोण? अख्ख्या सीझनमध्ये हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पाच पॉइंटनी हरलो.

मागच्या महिन्यात हे काढलं, तर म्हणाला, ‘तू कधी मागितलास बॉल? हात तरी वर केलास?’

‘हात वरच होता रे. तू रिंगकडे बघत होतास.’

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंडावर फेकायला आकडा नव्हता.

मायकल जॉर्डनलासुद्धा ही नजर यायला वेळ लागला, बरं का. १९८६ - ८७ मध्ये त्याची सरासरी ३७.१. शिकागोने मॅचेस जिंकल्या ४०, हरल्या ४२ आणि प्लेऑफमध्ये बॉस्टनने ३ - ० ने धुतलं. मग १९८९ मध्ये फिल जॅक्सन कोच झाला. असिस्टंट टेक्स विंटरची ‘ट्रँगल’ पद्धत आली, म्हणजे बॉल सगळ्यांच्या हातांतून फिरणार. १९९० - ९१ ला जॉर्डनची सरासरी ३१.५ वर आली, टीमचे विजय ६१ झाले. फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये लेकर्स त्याच्या अंगावर धावून जायचे आणि जॉन पॅक्सन मोकळा सुटायचा. पॅक्सनला पास मिळत गेले आणि शेवटच्या चार मिनिटांत त्याने १० पॉइंट केले. शिकागोचं पहिलं विजेतेपद! पुढे १९९७ च्या फायनलमध्येही विजयी शॉट मारला स्टीव्ह करने. पास कुणाचा? जॉर्डनचा.

आणि वेस्टब्रुकची ती ओक्लाहोमा सिटी? २०२५ मध्ये चॅम्पियन झाली. स्टार होताच. शे गिल्जस-अलेक्झांडर, सरासरी ३२.७, तोही एमव्हीपी. म्हणजे पॉइंट वेस्टब्रुकपेक्षाही जास्त. पण टीमचे विजय ६८, आणि फायनलच्या पाचव्या मॅचला ४० पॉइंट ठोकले ते जेलन विल्यम्सने!

तेव्हा बॉल हातात ठेवणारा स्टार टीमला जिंकून देतो का? सेमीफायनलपर्यंत नक्की नेतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी पहिली फेरी जिंकून दाखवावी. पण पुढचं गणित त्याच्या पॉइंटवर सुटत नाही. तुमच्या ऑफिसातही असा एक जण असेल, सुट्टीवर गेला की सगळ्यांचे हात थांबतात असा. कदाचित तो तुम्हीच असाल. मग डेडलाइन तोंडावर असताना एकदा कोपऱ्याकडे नजर टाका. तिथे कुणीतरी मोकळा उभा असेल, आणि त्याचा हात वर असेल.