दादांनी दाखवलेली जागा

२ सप्टेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या युवभारती क्रीडांगणावर अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. सगळं शहर लोटलं होतं ते मेस्सीसाठी. नवे प्रशिक्षक आलेखांद्रो साबेला यांनी नुकतंच त्याला कर्णधार केलं होतं आणि कायमचा कर्णधार म्हणून तो पहिल्यांदा मैदानात उतरणार होता. उत्तरार्धात त्याच्या कॉर्नरवर ओतामेंदीने हेडर मारला आणि अर्जेंटिना १-० ने जिंकली. त्या रात्री मला जे मिळालं ते मात्र सामना संपल्यानंतर, आणि ते एका बंगाली माणसामुळे.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या स्थानिक संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर तास-तास आधी जागा धरून बसणाऱ्या पोरांतला. पुढे क्रीडा पत्रकार झालो, पण परदेशी खेळाडूंशी बोलायची ती पहिलीच वेळ. सामन्यानंतर खेळाडू ड्रेसिंग रूममधून बसकडे जातात, त्या वाटेच्या कडेने बॅरिकेड लावतात आणि आम्हा पत्रकारांना पलीकडे उभं करतात. त्याला मिक्स्ड झोन म्हणतात. खेळाडूने थांबावं अशी सक्ती नसते. हाक मारायची, रेकॉर्डर पुढे धरायचा आणि वाट बघायची. अर्जेंटिनाचे खेळाडू येणार त्या टोकाला माणसांवर माणसं चढली होती. मीही तिकडेच निघालो होतो, तेवढ्यात कुणीतरी माझी बाही धरली.

"उधर क्या मिलेगा? इधर आओ."

ते दादा होते. एका बंगाली दैनिकात ते कित्येक वर्षं फुटबॉल लिहीत होते. आमची ओळख सकाळी पास घेण्याच्या रांगेत झालेली, तीही चहापुरती. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाला टीव्हीवर पाहून कोलकात्यातली जी पिढी अर्जेंटिनाची झाली, त्यातले ते एक. त्या वेडापायी ते स्पॅनिश शिकले होते. म्हणजे मेस्सीला त्याच्या भाषेत प्रश्न विचारू शकणाऱ्या मोजक्या स्थानिक पत्रकारांत त्यांचा नंबर होता, आणि ते मला व्हेनेझुएलाच्या दाराकडे नेत होते.

तिथे जवळजवळ कुणीच नव्हतं. दादा घाईघाईने सांगत होते. दीड महिन्यापूर्वी कोपा अमेरिकेत यजमान अर्जेंटिना उपांत्यपूर्व फेरीतच उरुग्वेकडून पेनल्टीवर हरली. त्याच स्पर्धेत व्हेनेझुएलाने ब्राझीलला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि चौथा क्रमांक मिळवला. एवढी मजल त्यांनी आधी कधीच मारली नव्हती. दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघात विश्वचषकाला एकदाही न पोचलेला देश हा एकच. तिथल्या गल्लीबोळात बेसबॉल खेळतात. "यांना विचार, बेसबॉलच्या देशात फुटबॉल कसा खेळतात," दादा म्हणाले, "तू क्रिकेटच्या देशातला आहेस, तुला विचारता येईल."

गडद लाल जर्सीतला एक बचावपटू बाहेर आला. दादांनी हाक मारली आणि तो थांबला. मला सुचला तो प्रश्न सरळ कोल्हापुरातून आला होता. लहानपणी तुला बूट कुणी घेऊन दिले, असं मी विचारलं. दादांनी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्या माणसाने बॅग खाली ठेवली. मग तो बराच वेळ बोलला. काकांनी दिलेले मोठ्या मापाचे बूट, आत कोंबलेला कागद, हातात बॅट घेतली नाही म्हणून रुसलेले वडील, आणि आता तेच वडील सामना बघताना टीव्हीच्या किती जवळ बसतात ते. आजच्या गोलबद्दल त्याने आपणहून सांगितलं. कॉर्नरवर कुणी कुणाला धरायचं हे ठरलं होतं आणि तिथेच एक माणूस सुटला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हेच परत भेटतील, तेव्हा सुटणार नाही, असंही म्हणाला. एकेक वाक्य दादा माझ्यासाठी हिंदीत आणत होते.

तेवढ्या वेळात त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्यांच्या पेपरला मेस्सी हवा होता, शहर आवृत्तीची वेळ भरत आली होती, आणि पलीकडच्या टोकाला एकदम गलका झाला तेव्हा मेस्सी आला हे आम्हा दोघांनाही कळलं. दादांनी तिकडे मान वळवली नाही. खेळाडूचं वाक्य अर्धं होतं. ते पूर्ण होईपर्यंत ते त्याच्याकडेच बघत राहिले. आपला माणूस नाही, आपला पेपर नाही, चहापुरती ओळख. एवढ्यावर कुणी कुणासाठी एवढं सोडतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

११ ऑक्टोबरला पुएर्तो ला क्रूझमध्ये पात्रता फेरीचा सामना झाला. आपल्याकडे तेव्हा १२ तारखेची पहाट. अमोरेबिएताने हेडर मारला आणि व्हेनेझुएला १-० ने जिंकली. अर्जेंटिनाविरुद्धचा त्यांचा हा पहिलाच विजय. मी दादांना फोन लावला. ते जागेच होते. त्यांची अर्जेंटिना हरली होती, तरी "तुझ्या बूटवाल्याचं अभिनंदन" असं म्हणून ते मोठ्याने हसले.

पुढच्या मोसमात मी त्यांना कोल्हापूरला बोलावलं. गाडीभाडं देऊ केलं तर रागावले, स्वतःच तिकीट काढून आले. शाहू स्टेडियममध्ये हलगी वाजत होती, पेठाच्या पेठा गॅलरीत उभ्या होत्या. दादा बघतच राहिले. सामना सुटल्यावर त्यांनी मला हरलेल्या संघाकडे नेलं आणि पोरांशी बोलायला बसले. ते हिंदीत विचारायचे, मी मराठीत सांगायचो, पोरांची पेठेतली मराठी परत हिंदीत करायचो. एक पोरगा तालमीच्या खोलीबद्दल बोलायला लागला तो थांबेना. माझा स्वतःचा मजकूर द्यायचा होता, कार्यालयातून फोन येत होते. मी फोन बंद करून ठेवला.

आठवड्याभराने त्यांनी अंक पाठवला. बंगाली अक्षर मला वाचता येत नाही, म्हणून ओळखीच्या एका बंगाली कारागिराकडून वाचून घेतलं. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा अशी नावं त्यात होती, आणि त्या पोराचं तालमीच्या खोलीबद्दलचं बोलणं सगळंच्या सगळं छापलं होतं.