कुंभ्या, तुझ्या गावी आलो होतो

प्रिय कुंभ्या,

चैत्र लागला तेव्हा आम्ही पाच जण तुझ्या गावी येऊन गेलो. मी, माझा नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा मुलगा. खरं सांगते, आम्ही तुला भेटायला निघालो नव्हतो. तुझं नावसुद्धा आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

लेकीने शाळेत अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर प्रकल्प केला होता. टूकान, जॅग्वार, अ‍ॅनाकोंडा, सगळ्यांची चित्रं कापून चिकटवली होती. त्यानंतर तिने धोशाच लावला, उष्ण कटिबंधातलं खरं जंगल बघायचं म्हणून. मी तिच्यापुढे नकाशा उघडला आणि कर्कवृत्तावर बोट ठेवलं. ती रेघ गुजरातेतून, मध्य प्रदेशातून जाते. म्हणजे आपण आख्खे महाराष्ट्रातले लोक तिच्या खालीच, उष्ण कटिबंधातच राहतो. कर्जत-खालापूरचं रान म्हणजे तेच जंगल. तिला ते पटलं नाही, पण ती गाडीत बसली.

कुंभिवलीला उतरलो तर डोंगर तपकिरी. उतारावर वणव्याचे काळे पट्टे. पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडत होती. लेक म्हणाली, ‘आई, हे तर मेलंय.’ तिच्या पुस्तकातलं जंगल बारा महिने हिरवं होतं. तुमच्याकडे पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळून जातो आणि मग आठ महिने थेंब नाही. पानं टाकून पाणी राखायचं ही तुमची रीत. वर भीमाशंकरला, माथेरानला सावलीच्या घळींतून जांभळी, अंजनी वर्षभर हिरव्या राहतात. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी, आणि मुलांना तोच बघायचा होता. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना तो चढ झेपणारा नव्हता, म्हणून आम्ही पायथ्याशी थांबलो. मुलांच्या लेखी सहल तिथेच फसली होती.

गावाच्या पाटीपाशी धाकटा थबकला. नुकतंच वाचायला लागलेलं पोर ते, दिसेल ते अक्षर लावतं. ‘कुंभिवली म्हणजे काय गं?’

मला उत्तर देता आलं नाही. सासूबाईंना आलं. त्या म्हणाल्या, ‘आंबिवलीत आंबा, जांभिवलीत जांभूळ, चिंचवलीत चिंच. मग कुंभिवलीत कोण?’ या तालुक्यांतली गावं अशी झाडांच्या नावानं हाक मारतात, आणि ती हाक मी पन्नास वेळा या रस्त्याने जाऊनही ऐकली नव्हती. पोरांना कोडं मिळालं. तुला शोधायचं ठरलं.

टपरीवर चहा पिताना विचारलं. तिथल्या तरुणांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना दोष देत नाही. मलाही माझ्या गल्लीतल्या चार झाडांची नावं येत नाहीत. समोर बंगल्यांच्या प्लॉटचे फलक उभे होते, त्यावर हिरवीगार झाडं छापलेली. त्यातलं एकही झाड इथलं नव्हतं. मला फार लागलं ते.

शेवटी ठाकरवाडीतल्या एका आजोबांनी वाट दाखवली. ‘बाय, रातच्याला ये. दिसाचा त्यो काय दावायचा नाय.’

रात्री बॅटऱ्या घेऊन त्यांच्या मागून निघालो. लांबवर रातवा टक-टक करत होता. आजोबा एका बेताच्या उंचीच्या झाडाखाली थांबले. काळपट, भेगाळलेली जाड साल. पानं नुकती फुटत होती. आणि फांद्यांच्या टोकाशी तुझी फुलं. चार फिकट पाकळ्या, त्यांच्यामधून केसरांचा भला मोठा झुबका, बुडाशी गुलाबी, टोकाकडे पांढुरका. वास मात्र नाकाला झोंबणारा. धाकट्याने नाक धरलं. तेवढ्यात डोक्यावरून पंखांची फडफड झाली, एक मोठं वटवाघूळ फांदीला लटकलं आणि निघून गेलं. मुलं श्वास रोखून उभी होती. वाघ दिसला असता तरी याहून गप्प झाली नसती.

पहाटे पुन्हा आलो तर झुबके जमिनीवर. रात्रभराची फुलं सकाळी गळून पडलेली, तुझ्याभोवती गुलाबी रांगोळी घातल्यासारखी. सासूबाईंनी एक उचललं आणि एकदम म्हणाल्या, ‘अगं, हा तर वाकुंभा!’ त्यांच्या लहानपणी खोकला झाला की आजी वाकुंभा मधातून चाटवायची. पुडीतलं ते औषध आयुष्यभर ठाऊक, झाड मात्र सत्तराव्या वर्षी भेटलं. त्यांनी तुझ्या खोडाला हात लावून नमस्कार केला.

घरी आल्यावर लेक तुझं कूळ शोधत बसली आणि ओरडलीच. तिच्या प्रकल्पात अ‍ॅमेझॉनच्या ब्राझील नटाचं झाड होतं, त्याचं दगडासारखं फळ दातांनी फोडणाऱ्या अगूटी नावाच्या प्राण्यासकट. तो ब्राझील नट तुझ्याच कुळातला. शंकराच्या देवळाशी लावतात तो कैलासपतीही तुझा भाऊबंद, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. जे बघायला ती समुद्र ओलांडायला निघाली होती, त्याचं सख्खं नातं पुण्याच्या वाटेवर उभं होतं.

आणखी एक सापडलं, ते माझ्यासाठी. शास्त्रज्ञांच्या वहीत तुझं नाव केरिया. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे रॉक्सबर्ग यांनी आपल्या मित्राच्या, विल्यम केरीच्या नावावरून ते ठेवलं. केरी म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत. 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली मराठीचा कोश. आपल्या भाषेचे शब्द गोळा करणाऱ्या माणसाचं नाव तुझ्या अंगावर आहे, आणि तुझं नाव आमच्या तोंडून निसटत चाललंय. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आजोबांनी तुझ्याबद्दल सांगितलेली गोष्ट मात्र कोशात नाही. दर फाल्गुनात वणवा येतो. कुणी गवत चांगलं फुटावं म्हणून लावतं, कुणाची विडी पडते. बाकीची कोवळी झाडं जळतात, तू राहतोस. ती जाड साल आग आत जाऊ देत नाही, आणि वरचं जळालंच तर बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात. म्हणून या काळ्या उतारावर तू दिसतोस. पण जेसीबीपुढे सालीचा काय उपयोग? उतार सपाट करताना मुळं निघतात, मग धुमारा येणार कुठून?

त्या दिवशी परतताना आजोबांनी इर्शाळगडाकडे हात केला आणि ते गप्प झाले. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या डोंगराखालची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. वाचलेल्यांना चौकजवळ नवी घरं मिळाली. वाडीचं नाव त्यांच्याबरोबर खाली उतरलं, वाडी दरडीखालीच राहिली. आजोबांची माणसं तिथे होती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. धाकट्याने न सांगता त्यांचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

तेव्हापासून ‘कुंभिवली’ असं लिहिलेलं दिसलं की मला तू आठवतोस, आणि पोटात खड्डा पडतो. तुझ्याशिवाय ते नाव नुसतं पाटीवर राहिलं तर पुढच्या कुणा पोराने अर्थ विचारल्यावर त्याच्या आजीने काय दाखवायचं? गावातल्या शाळेच्या आवारात तू लावला जावास म्हणून आम्ही शिक्षकांशी बोललो आहोत. बी आजोबा देणार आहेत.

लेकीने प्रकल्पाच्या वहीत ब्राझील नटाच्या शेजारचं पान मोकळं केलंय. तुझं दाबलेलं फूल तिथे चिकटवलंय, काळं पडलंय, पण केसर मोजता येतात. तिने दोनशेपर्यंत मोजले आणि सोडून दिले.

मृगात तुझी फळं पिकतात असं आजोबा म्हणाले. गोल, हिरवी, डोक्यावर छोटा मुकुट असलेली. आम्ही येतोय. धाकट्याचा निरोप आहे, वानरांनी सगळी खाल्ली तरी एक त्याच्यासाठी ठेव. सासूबाई म्हणतात, या वेळी काठी घेऊन येते, पण वरपर्यंत येते.

तुझी,
रस्त्याने पन्नास वेळा गेलेली आणि एकदाच थांबलेली