गटार समितीतला फिर्खो

डॉक्टरने राजकारणात पडू नये, हे माझं मत फार जुनं होतं आणि वर्गात विषय निघाला की मी ते ठासून सांगायचो. आमदार झालेला डॉक्टर रुग्णांच्या हातून गेला. तो प्राध्यापक असेल तर विद्यार्थ्यांच्याही हातून गेला. दाखला म्हणून एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो कायम तयार असायचा. पॅथॉलॉजी शिकवणाऱ्याला हे नाव टाळताच येत नाही. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात कशी अडकते, हे त्याने दाखवलं. गळ्याच्या डाव्या बाजूला, हाडाच्या वर लागणारी जी गाठ पोटातल्या कॅन्सरची चुगली करते, ती आजही त्याच्याच नावाने ओळखतात. १८५८ मध्ये त्याची पेशींच्या विकृतीवरची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली आणि आजाराचं मूळ पेशीत शोधायचं, हे ठरून गेलं. आणि मग? १८५९ पासून बर्लिनची नगरसभा, १८६२ पासून प्रशियाची विधानसभा, १८८० ते १८९३ राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसद. ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर या माणसाने बैठकांची सतरंजी अंथरली आणि १९०२ मध्ये मरेपर्यंत ती गुंडाळली नाही, असं मी म्हणायचो. पोरं हसायची.

एका फिर्खोला मात्र मी वगळलं होतं, १८४८ च्या. प्रशियातल्या वरच्या सायलेशियात टायफसची साथ आली होती. पिकं बुडालेली, लोक उपाशी, बहुतेक पोलिश बोलणारे गरीब कॅथलिक. सरकारने धाडलेला हा सव्वीस वर्षांचा डॉक्टर तिथे तीनेक आठवडे फिरला. अहवालात औषधपाण्याच्या चार सूचना येतील अशी वरच्यांची अपेक्षा असणार. याने लिहिलं की रस्ते बांधा, शाळा पोलिश भाषेतून चालवा, करांचा बोजा गरिबांवरून उतरवा, आणि लोकांना पूर्ण, अनिर्बंध लोकशाही द्या. बर्लिनला परतला तो थेट मार्चच्या क्रांतीत, बॅरिकेडवर. त्याच वर्षी निवडूनही आला होता, पण वय कमी पडल्याने सभागृहात बसता आलं नाही. पुढच्या वर्षी शारिटे रुग्णालयातल्या जागेवर गदा आली आणि तो वुर्झबुर्गला प्राध्यापक म्हणून निघून गेला. हे सगळं सांगताना माझा आवाज चढायचा. त्या अहवालाचं पुढे काय झालं, हे मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सरकारने त्यातलं फारसं काही मनावर घेतलं नव्हतं.

आमच्या शहरात भुयारी गटारासाठी रस्ते खोदले गेले आणि वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. त्या वैतागात मी बर्लिनच्या गटारांचा इतिहास वाचायला घेतला. माझं मत फिरलं ते तिथे.

१८७१ मध्ये बर्लिनची वस्ती आठ लाखांवर गेली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांनी उघडी गटारं, त्यांतलं सांडपाणी शेवटी श्प्रे नदीत. घराघरांच्या आवारात मैल्याचे खड्डे, ते उपसून गाड्यांतून न्यायचे. यावर नगरसभेत दोन तट पडले होते. एक म्हणे, डबे ठेवा आणि मैला वाहून न्या. दुसरा म्हणे, जमिनीखाली नळ टाका. आता गंमत बघा: त्या वेळच्या कायद्याने नगरसभेतले निम्मे सदस्य घरमालकच असावे लागत. म्हणजे खर्च ज्यांच्या माथी बसणार, त्यांच्याकडूनच मंजुरी घ्यायची. अशा सभेत जोरदार भाषण करून काय हाती लागणार? फिर्खोने गटार समितीचं काम हाती घेतलं आणि आकडे जमवले. मृत्यूंची नोंद, भूजलाची पातळी, पावसाचं मान, सगळं वर्षानुवर्षं. १८७३ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल आला आणि त्याच वर्षी काम सुरू झालं. जेम्स होब्रेख्त या अभियंत्याची योजना होती ती. शहराचे बारा भाग, प्रत्येकाचं स्वतंत्र पंपघर, आणि मैला नदीत न सोडता शहराबाहेरच्या शेतांवर. त्यासाठी पालिकेने जमीनजुमला विकत घेतला. त्या शेतांत पुढे भाजीपाला पिकला. सगळं पुरं व्हायला दशकं लागली, पण झालं.

याच माणसाने रोगजंतूंच्या नव्या सिद्धांताकडे शेवटपर्यंत जरा संशयानेच पाहिलं. तरी जंतूंचा बंदोबस्त त्याच्या समितीने केलाच.

डुकराच्या मांसातल्या ट्रिकिना कृमीचंही तसंच. मांसाचा तीळभर तुकडा दोन काचांत दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचा मुलगाही हे करेल. हे कत्तलखान्यात जनावरागणिक सक्तीने व्हावं, म्हणून फिर्खो लोकांच्या आणि सरकारच्या मागे लागला. यावरून रचलेली एक दंतकथा मी रंगवून सांगायचो: प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने द्वंद्वाचं आव्हान दिलं, फिर्खोने शस्त्र म्हणून दोन सॉसेज निवडले, त्यांतलं एक कृमींनी भरलेलं. १८६५ मधलं आव्हान खरं आहे. सॉसेजला पुरावा नाही. फिर्खोने सरळ नकार दिला आणि कामाला लागला. तेच मला आता जास्त आवडतं.

प्रयोगशाळाही सुटली नव्हती. १८५६ मध्ये बर्लिनला परतल्यावर मिळालेली अध्यासनाची जागा त्याने अखेरपर्यंत सांभाळली. बैठकांमुळे विद्यार्थ्यांनी त्याला गमावलं, हे माझं म्हणणं निव्वळ ऐकीव होतं.

विधानसभेतला फिर्खो मात्र अजून माझ्या गळी पुरता उतरत नाही. अनिर्बंध लोकशाही मागणारा माणूस ज्या सभागृहात चार दशकं बसला, त्याची निवडणूक कराच्या रकमेवरून पाडलेल्या तीन वर्गांनी व्हायची. मूठभर धनिकांच्या मताचं वजन हजारो गरिबांइतकं. १८६९ मध्ये त्याने लष्करी खर्च घटवून निःशस्त्रीकरणाकडे जाण्याचा ठराव मांडला, तो पडला; पुढच्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध. बिस्मार्कपुढे तो बहुतेक वेळा हरला, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते जिथे तो बिस्मार्कच्या बाजूला गेला त्याचं. १८७३ मध्ये कॅथलिक चर्चला वेसण घालणाऱ्या कायद्यांना त्याने पाठिंबा दिला आणि त्या लढ्याला 'कुल्टुरकाम्फ' (संस्कृतीचा लढा) हे नाव त्याच्याच भाषणाने चिकटलं. ज्या पोलिश कॅथलिकांसाठी त्याने १८४८ मध्ये शाळा मागितल्या, त्यांचेच धर्मगुरू या कायद्यांखाली तुरुंगात जाऊ लागले. पाद्र्यांनीच त्या लोकांना अज्ञानात ठेवलं, असं तो तरुणपणापासून मानत होता. म्हणजे त्याच्या लेखी यात विसंगती नव्हतीच. माझ्या लेखी आहे, आणि बर्लिनच्या गटारांनी ती भरून निघत नाही. परीक्षेला यातलं काही येत नाही. तरी गुठळ्यांचा धडा संपला की मी हा भाग सांगतो, आणि बॅरिकेडपेक्षा समितीवर जास्त वेळ घेतो. पोरं आता तितकी हसत नाहीत.