पांढरी कड

ओरांडा गोल्डफिशच्या कुशीवर रुपयाएवढी जखम. खवले गेलेले, आतलं गुलाबी मांस उघडं. दोन-तीन दिवसांनी तिच्याभोवती दुधाळ पांढरी कड दिसू लागते. घरचे ‘फंगस, फंगस’ म्हणत मासा पिशवीत घालून आणतात. ठाण्यातल्या एका पशुवैद्य बाईंची अर्धीअधिक कारकीर्द त्या पांढऱ्या कडेशी झगडण्यात गेली आहे. तिथे तीन निराळ्या गोष्टी एकाच रंगात समोर येतात. ती बुरशीसारखी वाढणारी सॅप्रोलेग्निया असेल. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर हा जिवाणू असेल, ज्याला बाजारात सर्रास फंगसच म्हणतात. किंवा ती भरून येणारी नवी त्वचा असेल. पहिल्या दोन्हींत उशीर केला तर मासा हातचा जातो, आणि तिसरीत हात लावला तर भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडते.

माशाच्या जखमेवर खपली धरत नाही. काठावरच्या पेशी सरकत सरकत उघड्या भागावर येतात. पाणी उबदार आणि जखम लहान असेल तर हे पातळ आवरण काही तासांतच तयार होतं. खालचा थर आणि खवले यायला आठवडे लागतात, पण पाण्याशी झुंज त्या पहिल्या आवरणावरच असते. कापसाच्या काडीने जखम पुसली की सगळ्यात आधी तेच निघतं.

मग पुसावी का? हा प्रश्न बाईंना अजून सुटलेला नाही.

न पुसता लावलेलं औषध टिकत नाही. मासा ओल्या कपड्यावर आडवा, कल्ल्यांवर पाणी सोडणं चालू, जखम टिपून कोरडी केलेली, त्यावर पोव्हिडोन आयोडीन, आणि लगेच मासा परत पाण्यात. एवढ्या अवधीत जे मांसात मुरलं तेवढंच खरं, बाकीचं टँकमध्ये विरघळून जातं. गोड्या पाण्यातल्या माशाची मूळ अडचण त्याहून खोल आहे. त्याच्या रक्तात लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम मिठाइतका खारटपणा असतो, भोवतालच्या पाण्यात जवळपास काहीच नसतो. पाणी सतत आत घुसू पाहतं आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर टाकत राहतं. जखम म्हणजे धरणाच्या भिंतीला पडलेलं भोक. मासा जंतूंनी मरायच्या आधी आत शिरणाऱ्या पाण्यानेच थकून जातो. म्हणून लिटरला दोन-तीन ग्रॅम साधं मीठ हे बाईंचं पहिलं औषध. समुद्री माशाचं गणित नेमकं उलटं असतं, त्याच्या जखमेतून पाणी बाहेर जातं.

हे सगळं माहीत असूनही त्यांचा हात काडीकडेच जायचा. त्या हे मोकळेपणाने सांगतात. टेबलाभोवती घरचे श्वास रोखून उभे, लवंगेच्या तेलाच्या पाण्यात मासा गुंगलेला, कल्ल्याची उघडझाप मंदावलेली, आणि त्यांची बोटं अचूक, जलद. त्या क्षणांचा त्यांना अभिमान होता. नुसतं मीठ घालून ‘आता थांबा’ म्हणताना तो अभिमान कुठेच लागत नसे.

गेल्या काही वर्षांत उजव्या हाताला कंप सुटू लागला. सुईच्या कामात तो लपत नाही. चिमटा त्यांनी हाताखालच्या मुलीकडे दिला आणि स्वतः कल्ल्यांवर पाणी सोडायला उभ्या राहिल्या. मुलगी दोन-तीन मासे बाईंच्या पद्धतीने पुसत गेली. मग एका कोई माशाच्या जखमेपाशी थांबून तिने विचारलं, “मॅडम, ही कड तर गुळगुळीत आहे. काठावरचं थोडंसं काचेवर घेऊन आधी बघू?”

“घे. पण एकदाच घे, पुन्हा पुन्हा खरवडू नकोस.”

सूक्ष्मदर्शकाखाली जाड, फाटे फुटलेले तंतू दिसले की सॅप्रोलेग्निया. बारीक लांबट काड्या घसरत सरकताना आणि गंजीसारखे ढीग करताना दिसल्या की कॉलम्नेर. त्या कोईच्या नमुन्यात बहुतेक नुसत्या त्वचेच्या पेशी होत्या. मुलीने चिमटा ठेवून दिला. बाईंना त्या वेळी समाधान वाटलं आणि थोडं दुखलंही, कारण आपल्या हातानेही तो इतक्या सहज खाली ठेवला असता का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हाताचं कौशल्य लागतं तिथे लागतंच. 2014 मध्ये मेलबर्नच्या लॉर्ट स्मिथ प्राणी रुग्णालयात ट्रिस्टन रिच यांनी जॉर्ज नावाच्या दहा वर्षांच्या गोल्डफिशच्या डोक्यावरची गाठ काढली. तीन बादल्या मांडल्या होत्या: एकीत गाढ गुंगीचं पाणी, दुसरीत गुंगी टिकवणारं, तिसरीत स्वच्छ. नळीने तोंडातून कल्ल्यांवर पाणी वाहतं ठेवून त्यांनी पाऊण तास काम केलं, आणि शेवटी टाक्यांवर ऊती चिकटवणारा गोंद लावून जखम बंद केली. तो गोंद बाईंच्या मनात घर करून आहे. पाणी आत येऊ न देणारं काहीतरी, हेच त्या इतकी वर्षं शोधत आल्या. पण गोंद चालतो कापलेल्या, जुळणाऱ्या कडांवर. कुजून पडलेल्या खड्ड्यावर तो लावला तर आतला संसर्ग आतच कोंडला जातो.

दुकानांतल्या सल्ल्यांवर मात्र त्यांचा राग मावत नाही. प्रत्येक आजाराला एकच उत्तर: हीटर वाढवा. व्हाइट स्पॉटला ते बऱ्यापैकी खरं आहे. तो परजीवी माशाच्या त्वचेखाली बसलेला असताना त्याला औषध लागत नाही, पाण्यात मोकळा पोहताना लागतं; ऊब वाढली की तो लवकर बाहेर येतो. पण कॉलम्नेरला ऊबच हवी असते. त्याच सल्ल्याने तोंडाला पांढरं आलेला मासा एका रात्रीत जातो. दुसरं उत्तर टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकण्याचं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असेल तर औषध त्यांनाच बांधलं जातं आणि माशाला फारसं मिळत नाही. बोअरच्या जड पाण्यात म्हणून ती जवळपास वाया जाते. शिवाय फिल्टरमधले कामाचे जिवाणू मेले की अमोनिया चढतो आणि जखमी माशावर दुसरं संकट येतं.

आणि सकर. काच साफ करतो म्हणून गोल्डफिशसोबत दिला जाणारा हा मासा वाढला की गोल्डफिशच्या कुशीवरचा बुळबुळीत थर चाटू लागतो. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या गोल जखमांपैकी कितीतरी त्याच्याच असतात. टँकमध्ये मावेनासा झाला की लोक तो नदीत सोडून येतात. आज तो उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. त्याहून जास्त संताप येतो तो सुईने रंग टोचलेल्या ग्लासफिशचा. आपल्याच देशातल्या नद्यांत राहणारा हा पारदर्शक मासा; विक्रीसाठी त्याच्या अंगाला मुद्दाम जखम करायची, आणि पुढे त्यावर लिम्फोसिस्टिसचे फोड आले की औषधही विकायचं. सिंगापूरमध्ये आरोवानाचा खाली झुकलेला डोळा शस्त्रक्रियेने वर उचलून देणारे आहेत. त्यांच्या हाताची सफाई बाईंना मान्य आहे. जखम नसलेल्या माशाला सुरी लावणं मात्र त्यांना पटत नाही, आणि त्यावर त्या कुणाशीही भांडायला तयार असतात.

आता त्या बहुतेक वेळा मासा बघायच्या आधी पाणी मागवतात. बाटलीत अमोनिया आणि नायट्राइट तपासतात, शेवटचा वॉटर चेंज कधी केला ते विचारतात, सोबत सकर आहे का ते विचारतात. काठाचा नमुना मुलगी घेते. पुष्कळदा उत्तर एवढंच निघतं: रोज थोडं पाणी बदला, मीठ घाला, सकर वेगळा करा, जखमेला बोट लावू नका. लोकांना यात डॉक्टरने काही केल्यासारखं वाटत नाही. टाके घातले तर ते बिनतक्रार पैसे देतात, थांबायला सांगितलं तर कपाळावर आठ्या येतात. बाईंनी दोन्हीची फी सारखीच ठेवली आहे. काही जण परत येत नाहीत, दुकानातून निळं औषध घेऊन जातात. मुलीने एकदा सुचवलं, नुसत्या सल्ल्याचे निम्मे पैसे घेऊ या. बाईंनी नकार दिला.